हॉलिवूडच्या गल्लीतलं ताहिती: टिकी बार, रेस्टॉरंटं आणि मोटेलं

नारळीपोफळी

बाहेर मशाली, आत बांबू, छताला टांगलेल्या फुगऱ्या माशाच्या पोटात दिवा, दारात डोळे वटारून उभा लाकडी देव (त्यालाच टिकी म्हणतात) आणि त्याच देवाच्या आकाराच्या चिनीमातीच्या मगात रम. अमेरिकेत राहणाऱ्या बऱ्याच जणांनी असा एखादा टिकी बार निदान बाहेरून पाहिलेला असतो. 'हवाईयन काहीतरी असेल' म्हणून आपण पुढे जातो. लॉस एंजेलिसला राहायला आल्यापासून मी या प्रकाराच्या नादी लागले आहे. जितकं वाचलं, पाहिलं (आणि हो, प्यायले) तितकं एक पक्कं होत गेलं: यात हवाईचं फार थोडं आहे. हा पॅसिफिक हॉलिवूडमध्ये तयार झाला, आणि ज्यांनी तो हातांनी घडवला त्यांची नावं पाटीवर क्वचितच आली.

सुरुवात अर्नेस्ट गँट या वल्लीपासून. जन्म १९०७. तरुणपणी दक्षिण समुद्रात, म्हणजे दक्षिण पॅसिफिकमध्ये, भटकून आला, येताना जाळी, मुखवटे, कोरीवकाम असलं बरंच सामान आणलं आणि सिनेमाच्या सेटसाठी ते स्टुडिओंना भाड्यानं द्यायला लागला. डिसेंबर १९३३ मध्ये दारूबंदी उठली. चांगली व्हिस्की मुरायला वर्षं लागतात, त्यामुळे तिची चणचण. कॅरिबियन बेटांवर मात्र रम पिंपंच्या पिंपं पडून होती आणि स्वस्तात मिळत होती. गँटनं हॉलिवूडच्या मॅकॅडन प्लेस या गल्लीत इवलासा बार काढला, भिंतींवर ते भाड्याचं सामान चढवलं आणि नाव दिलं 'डॉन्स बीचकोमर'. १९३७ साली रस्त्याच्या पलीकडे मोठी जागा घेतली तेव्हा त्याचं झालं 'डॉन द बीचकोमर'. पुढे गड्यानं स्वतःचं नावही कायदेशीर बदलून डॉन बीच करून घेतलं.

बाहेर कॅलिफोर्नियाचं कोरडं ऊन आणि आत पत्र्यावर पाऊस! छतावर नळीनं पाणी सोडायची युक्ती त्याचीच. पाऊस लागला की गिऱ्हाईक उठायचं सोडून आणखी एक पेला मागवतं, हे त्यानं बरोबर हेरलं होतं. नेहमी येणाऱ्या नटनट्यांच्या चॉपस्टिक त्यांच्या त्यांच्या नावानं जपून ठेवलेल्या असत.

दुसरा महापुरुष व्हिक्टर बर्जेरॉन. कॅलिफोर्नियातल्याच ओकलंडमध्ये १९३४ साली त्यानं 'हिंकी डिंक्स' नावाचं साधंसुधं खाण्यापिण्याचं दुकान काढलं. लहानपणी क्षयामुळे एक पाय गेलेला, जागी लाकडी पाय. गिऱ्हाइकांना मात्र 'शार्कनं खाल्ला' म्हणून सांगायचा, आणि मधेच त्यात बर्फ फोडायचा टोचा खुपसून समोरच्याला किंचाळायला लावायचा. डॉनचा बार पाहून आला आणि हिंकी डिंक्सचं झालं 'ट्रेडर व्हिक्स'. डॉन कल्पक, तर व्हिक पक्का धंदेवाला. हिल्टन हॉटेलांच्या जोडीनं त्यानं ही बेटं देशोदेशी नेऊन बसवली. १९८३ साली राणी एलिझाबेथ सॅन फ्रान्सिस्कोला आली तेव्हा जेवायला ट्रेडर व्हिक्समध्ये गेली होती!

आता पाटीवर नसलेले लोक. डॉनच्या काउंटरमागे फिलिपिनो पोरं होती. फिलिपिन्स १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात, त्यामुळे १९३४ पर्यंत तिथल्या लोकांना अमेरिकेत यायला कोट्याची आडकाठी नव्हती. आल्यावर काम मिळायचं ते शेतात, भांडी घासायला, नाहीतर हॉटेलात. रे बुहेन त्यांतलाच. डॉनकडे शिकला, मग शहरातले बरेच बार फिरला, आणि १९६१ मध्ये सनसेट बुलेव्हार्डवर स्वतःचा 'टिकी-टी' काढला. काउंटरला बारा खुर्च्या आणि बाजूला थोडी टेबलं, बस्स. बुहेन घराणंच तो अजून चालवतं. मालकाचं नाव पाटीवर नाही, पण मालक काउंटरमागे उभा आहे, असा हा दुर्मीळ टिकी बार.

स्वयंपाकघर कँटनी (दक्षिण चिनी) आचाऱ्यांकडे. 'पॉलिनेशियन' (हवाई, ताहिती, न्यूझीलंड या पॅसिफिकमधल्या बेटांच्या पट्ट्यातला) मेनू म्हणजे मुख्यतः कँटनी जेवण, वर अननस. क्रॅब रंगून हा तर कळस: तळलेल्या वॉनटनच्या पोटात खेकडा आणि क्रीम चीज! रंगूनला क्रीम चीज कोण खात होतं? आपलं चिकन मंचुरियन जसं मंचुरियाला न जाता मुंबईत जन्मलं, तसाच मामला.

कुणी काय पाहिलंय, खाल्लंय, प्यायलंय ते लिहा. मोटेलांबद्दल मला फारसं लिहिता आलेलं नाही, जाणकारांनी भर घालावी.

तिरकस_पंत

थोडक्यात, रम कॅरिबियन, आचारी चिनी, बारवाला फिलिपिनो, मूर्ती ईस्टर बेटावरची आणि गल्ला अमेरिकन. अस्सल हवाईयन काय, तर गिऱ्हाइकाच्या अंगातला फुलाफुलांचा शर्ट?

नारळीपोफळी

पंत, शर्टही नाही हो. होनोलुलूतल्या जपानी आणि चिनी शिंप्यांनी किमोनोच्या कापडातून शिवायला घेतला तो. १९३० च्या दशकातली गोष्ट.

तिरकस_पंत

मिटलं म्हणजे. _/\_

उसाचा_रस

सुंदर धागा. वाचनखूण साठवली. पेयांबद्दल मी लिहितो, कारण छत्र्या आणि मुखवटे काढून घेतले तरी डॉनचं खरं कर्तृत्व पेल्यात उरतं.

त्याच्या आधी कॉकटेल म्हणजे एक दारू आणि दोनतीन साथीदार. यानं एकाच पेल्यात तीन प्रकारच्या रम घातल्या. पोर्तो रिकोची हलकी, जमैकाची उग्र वासाची, आणि वरून गयानाच्या देमेरारा नदीकाठची जहाल. आपण गरम मसाल्यात जायफळाचं काम लवंगेवर टाकत नाही, तसं काहीसं. १९३४ चा त्याचा 'झाँबी' बघा: तिन्ही मिळून साधारण १२० मिली रम, लिंबू, फॅलर्नम (लवंग, आलं आणि लिंबाच्या सालीचा पाक), थोडं ग्रेनेडिन (डाळिंबाचा पाक), पर्नोचे (बडीशेपेच्या वासाच्या दारूचे) थेंब, बिटर्सचा (कडू अर्काचा) शिडकावा आणि 'डॉन्स मिक्स'. एका गिऱ्हाइकाला दोनच मिळतील असा दंडक होता. जाहिरात म्हणूनही तो उत्तम होता!

पाककृती चोरीला जाऊ नये म्हणून डॉन काउंटरवरच्या बाटल्यांना सांकेतिक नावं द्यायचा. बारवाल्यांना फक्त 'डॉन्स मिक्स इतकं, स्पाइसेस नंबर ४ तितकं' एवढंच माहीत. आत काय आहे ते मालकाच्या डोक्यात. झाँबी जगभर पसरला तो नकलांमधून, आणि बहुतेक नकला नुसत्या गोडमिट्ट. जेफ बेरी नावाच्या संशोधकानं वर्षानुवर्षं म्हाताऱ्या बारवाल्यांचे उंबरे झिजवले. डिक सांतियागो हा डॉनकडचा जुना माणूस, त्याची खिशातली वही बेरीला मुलीकडून मिळाली. तरी त्यातही 'डॉन्स मिक्स' एवढंच! शेवटी उलगडा झाला तो असा: दोन भाग ग्रेपफ्रूटचा रस, एक भाग दालचिनीचा पाक. २००७ मध्ये बेरीनं हे सगळं पुस्तकात छापलं. आज जगात कुठेही चांगला झाँबी मिळाला तर त्याच्यामागे ती वही आहे. नारळीपोफळी म्हणतात त्या मुद्द्यातच ही भर, कारण वही फिलिपिनो माणसाची.

पुण्यात घरी करून बघायचा असेल तर झाँबीच्या वाटेला जाऊ नका. मायताय करा. ट्रेडर व्हिकचा १९४४ चा मूळ मायताय अगदी सुटसुटीत आहे. रम ६० मिली, ऑरेंज कुरासाव (संत्र्याच्या सालीची गोड दारू) १५, ओर्झा १५, साखरेचा पाक चमचा-दीड चमचा, एका लिंबाचा रस. अननसाचा रस त्यात नाही, तो हवाईच्या हॉटेलांनी नंतर घुसडला. 'ओर्झा' ऐकून दचकू नका, बदामाचा पाक आहे: बदाम भिजवून, सोलून, वाटून, पंचातून पिळायचे आणि साखर विरघळवायची. नारिंगाच्या फुलांचं पाणी मिळालं तर दोन थेंब. गुलाबपाणी नको, सगळ्याची बासुंदी होते. आणि साखरेच्या पाकाच्या जागी व्हिक जे वापरायचा तो चक्क खडीसाखरेचा पाक!

लिंबाचं एक सांगतो. अमेरिकेतलं मोठं बिनबियांचं लिंबू वेगळं. आपलं कागदी लिंबू जास्त आंबट आणि वासालाही तिखट, तेव्हा २० मिलीपासून सुरू करा. रममध्ये ओल्ड मंक चालते, पण तिच्या व्हॅनिलामुळे मायताय केकसारखा लागतो असं माझं मत. जमैकन रम कुणी आणून दिली तर ती त्या दिवसासाठी राखून ठेवा.

माजघर

उसाचा रस, शाकाहारी मंडळींसाठी बिनरमचं काही?

उसाचा_रस

रम शाकाहारीच असते ताई. :) पण प्रश्न कळला. पपनसाचा रस, दालचिनीचा पाक, लिंबू आणि भरपूर चुरलेला बर्फ, वर पुदिना. ग्रेपफ्रूट हे पपनस आणि मोसंबी-संत्र्याच्या घराण्यातूनच आलंय, त्यामुळे चव चुकत नाही. कडवटपणा थोडा कमी पडतो.

हिमवर्षाव

कोलंबस, ओहायोमधून. इथल्या 'काहिकी'चा उल्लेख नाही म्हणजे पाप!

१९६१ साली ब्रॉड स्ट्रीटवर उभं राहिलेलं हे रेस्टॉरंट. न्यू गिनीतल्या पुरुषांच्या सभागृहावरून घेतलेला आकार, उलट्या होडीसारखं आभाळात गेलेलं छप्पर. दारात ईस्टर बेटाच्या धर्तीचे दोन पुतळे आणि त्यांच्या डोक्यांवर खरीखुरी ज्योत. आत शिरलं की एक अख्खं गाव: झोपड्या, माशांच्या टाक्या, एका बाजूच्या खिडक्यांवर पावसाची सर, आणि समोर टोकाला प्रचंड दगडी चेहऱ्याची शेकोटी, तोंडात जाळ. ओहायोतल्या जानेवारीत बर्फ तुडवत आत आलेल्या माणसाला हे काय वाटत असेल, कल्पना करा.

मी शिकायला आलो तेव्हा सीनियर मंडळी 'एकदा बघून ये' म्हणायची. विद्यार्थीदशेत खिशाला परवडणारं एपेटायझर मधे ठेवून चौघं तासभर बसलो होतो. वेटर समंजस होता.

१९९७ मध्ये या इमारतीची ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत नोंद झाली. तीन वर्षांत, २००० साली, ती पाडली. तिथे औषधांचं दुकान झालं. बऱ्याच लोकांना वाटतं की यादीत नाव लागलं की वास्तू वाचली. अमेरिकेत खासगी मालकीच्या जागेला त्या यादीनं मान मिळतो, संरक्षण नाही. मालकाला विकायची असेल तर तो विकतो. गंमत अशी की मालकांनी त्याच नावानं गोठवलेल्या एगरोलचा कारखाना चालवला होता, आणि रेस्टॉरंट गेलं तरी 'काहिकी' सुपरमार्केटच्या फ्रीझरमध्ये टिकलं.

बाराखडी

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडहून लिहितेय. धागा माहितीपूर्ण आहे, पण वाचताना घशात काहीतरी अडकत होतं.

एक तर न्यू गिनी पॉलिनेशियात येत नाही, ते मेलनेशिया. काहिकीच्या मालकांना फरक पडत नसेल, तिथल्या लोकांना पडतो. दुसरं म्हणजे, ऑकलंड हे जगातलं सगळ्यात मोठं पॉलिनेशियन वस्तीचं शहर. माझ्या ऑफिसात सामोअन आहेत, टोंगन आहेत, माओरी आहेत. माओरी घरांत हिरव्या दगडाचा हे-टिकी पिढ्यानपिढ्या गळ्यातून गळ्यात जातो, त्याला नाव असतं, त्याच्याशी बोललं जातं. त्याच आकाराच्या डोक्यात स्ट्रॉ खुपसून प्यायचं, हे त्यांना कसं दिसत असेल?

आणि तारखा बघा. १८९३ साली राणी लिलिउओकलानीला साखरवाल्या गोऱ्यांनी अमेरिकन नौसैनिकांच्या जोरावर गादीवरून उतरवलं. १८९८ मध्ये हवाई अमेरिकेत जमा. १९५९ मध्ये राज्य झालं, जेट विमानं सुरू झाली, आणि नेमकी तेव्हाच टिकीची लाट शिगेला. १९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेनं मार्शल बेटांवर ६७ अणुचाचण्या केल्या. माणसं घरादारासकट हलवली, किरणोत्सर्गी राख अंगावर घेतली त्यांनी. त्याच वर्षांत शिकागोत आणि लॉस एंजेलिसमध्ये लोक बांबूखाली बसून 'बेटावरचं निवांत आयुष्य' पीत होते. तो पॅसिफिक सोयीचा होता, कारण त्यात पॅसिफिकचे लोक नव्हते.

तिरकस_पंत

बाराखडीताई, मुद्दा बिनतोड. पण मग माणसानं प्यावं की नाही?

बाराखडी

प्या हो पंत. ग्लासातून प्या.

नारळीपोफळी

बाराखडी, +१, आणि हे मूळ लेखात यायला हवं होतं असं कुणी म्हणेल, पण तुम्ही तिथून लिहिलंत हेच बरं झालं. अलीकडे इकडेही यावर चर्चा होते. काही नव्या बारांनी देवांच्या आकाराचे मग बंद केले, स्वतःला टिकीऐवजी 'ट्रॉपिकल' म्हणवून घेतलं. पेयं तीच ठेवली, कारण पेयांचं श्रेय-अपश्रेय वेगळ्याच लोकांकडे जातं.

एका गोष्टीवर मात्र माझं मत थोडं निराळं आहे. सगळीकडे पॅसिफिकचे लोक गैरहजर नव्हते. फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलला 'माय-काय' आहे. शिकागोहून आलेल्या बॉब आणि जॅक थॉर्नटन या भावांनी १९५६ च्या डिसेंबरात काढलं. डॉनच्या शिकागो शाखेतला फिलिपिनो बारवाला मारियानो लिकुडिन त्यांनी फोडून आणला, तिथल्या पेयांची घडी त्याची. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे नाचाचा कार्यक्रम होतो. मिरेय ही ताहितीची नर्तकी त्यात आली, पुढे बॉब थॉर्नटनशी लग्न केलं, आणि नंतर कित्येक दशकं कार्यक्रमाची सूत्रं तिच्याकडे होती. ती काही सजावट नव्हती, ती ठरवणारी होती.

माय-काय २०१४ मध्ये राष्ट्रीय यादीत आलं. ऑक्टोबर २०२० मध्ये मोठ्या पावसात आणि पाइप फुटून स्वयंपाकघराचं छप्पर कोसळलं. आता संपलं असंच सगळ्यांना वाटलं. पण जागा विकून टॉवर बांधण्याऐवजी नव्या भागीदारांनी पैसा ओतला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं. हिमवर्षाव, काहिकी आणि माय-काय यांच्यात यादीनं फरक केला नाही. नवे पैसे घालणारे भेटले, त्यानं केला.

वाट_वाकडी

मोटेलांची बाजू माझ्याकडे. न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे सुरुवात घराजवळून.

एडिसन-प्लेन्सबरोची मराठी मंडळी उन्हाळ्यात वाइल्डवूडला समुद्रावर जातात, पण बोर्डवॉकवरून परततात. जरा आतल्या रस्त्यांवर फिरा. १९५० आणि ६० च्या दशकांतली मोटेलं अजून उभी आहेत, निऑनच्या पाट्या, तिरकी छपरं, आणि दारात प्लास्टिकची नारळाची झाडं! तिथल्या थंडीत खरं झाड जगणार नाही, मग प्लास्टिकचं. 'कॅरिबियन' मोटेल १९५७ च्या सुमाराचं, ही प्लास्टिकची झाडं तिथूनच गावभर पसरली, आणि आता तेही राष्ट्रीय यादीत आहे. 'वायकीकी', 'कोना काय' अशी नावं. मोटेलचा हिशोब सोपा होता. खोल्या सगळीकडे सारख्याच, दुमजली, समोर गाडी लावायची. हायवेवरून चाळीस-पन्नास मैलांच्या वेगानं येणाऱ्या कुटुंबाला थांबवायचं तर दर्शनी भागानंच काम करायला हवं. दोन मशाली, एक टोकदार छप्पर, एक लाकडी देव. खोलीत गेलात की तोच तपकिरी गालिचा.

वाळवंटात पाम स्प्रिंग्सला 'कॅलिएंटे ट्रॉपिक्स' आहे, १९६४ चं. केन काइम्सनं त्या काळी अशी 'ट्रॉपिक्स' मोटेलं एकामागोमाग बांधली. २००१ मध्ये टिकीवेड्यांचा 'टिकी ओएसिस' हा मेळा तिथेच सुरू झाला, आता सॅन डिएगोला भरतो.

पण माझं सगळ्यात लाडकं मोंटानातलं आहे. ग्रेट फॉल्स हे गाव, समुद्र हजार किलोमीटरच्या आसपास लांब, हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली. तिथे 'ओहेअर मोटर इन' नावाच्या मोटेलात १९६२ पासून 'सिप अँड डिप' नावाचा टिकी बार आहे. बारच्या मागच्या भिंतीला काच, आणि काचेपलीकडे मोटेलचा तरणतलाव. म्हणजे तुम्ही पेला घेऊन बसलाय आणि समोर पाण्याखाली कुणीतरी पोहतंय. १९९० च्या दशकात मालकांनी शेपटी लावलेल्या जलपऱ्या त्यात सोडल्या. काचेवर येऊन हात करतात, गाल फुगवून बुडबुडे सोडतात, दम संपला की वर. शेजारच्या टेबलावर टोपी घातलेले शेतकरी गव्हाच्या भावाबद्दल बोलत होते, मान वर न करता.

माजघर

शेवटचं वाक्य वाचून हसले. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत!

जुना_मुंबईकर

नरिमन पॉइंटच्या ओबेरॉयमध्ये एके काळी 'आउटरिगर' नावाचं पॉलिनेशियन रेस्टॉरंट होतं. आमच्यासारख्यांनी बाहेरूनच मेनू वाचायचा. मोठ्या हॉटेलसाखळ्यांनी हे बेट-प्रकरण जगभर वाटलं, त्यातलाच तो तुकडा असणार.

नारळीपोफळी

अगदी. हिल्टनकडे ट्रेडर व्हिक होता म्हणून शेरेटननं स्टीफन क्रेनला धरलं. बेव्हर्ली हिल्समधलं 'लुआउ' हे त्याचं गाजलेलं रेस्टॉरंट, हॉलिवूडची नटी लाना टर्नर हिचा तो माजी नवरा. त्यानं शेरेटनसाठी 'कॉन-टिकी' काढली, १९५८ मध्ये माँट्रियलला. नाव थॉर हायरडाल या नॉर्वेच्या माणसानं १९४७ मध्ये ज्या तराफ्यावरून पॅसिफिकचा प्रवास केला त्यावरून. मोठ्या हॉटेलाला परदेशी पाहुण्यासाठी एक 'परदेशी' खोली हवीच असायची, आणि टिकी कुणाच्याच देशाचं नसल्यानं कुठेही चालायचं.

वाळूचा_किल्ला

दुबईकरांतर्फे हजेरी. ट्रेडर व्हिक्स इथे आजही जोरात आहे, शेख झायेद रोडच्या क्राउन प्लाझात आणि जुमेराला. इथे येणाऱ्यांत निम्मे आमच्यासारखे, महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी (आता वीकएंड बदलला, शुक्रवारी) ऑफिसच्या टोळक्यातले. काचेआड ते गोल चिनी भट्टीवजा ओव्हन, लाकडाच्या जाळावर मांस टांगून भाजतात. व्हिकला ही भट्टी फार प्रिय होती म्हणतात, शाखाशाखांतून बसवलेली असते. इथला माझा अनुभव असा: सजावट अमेरिकन आठवणींची, वेटर फिलिपिनो, गिऱ्हाईक लेबनीज-भारतीय-ब्रिटिश. नारळीपोफळीताईंनी लिहिलेलं १९३४ मधलं हॉलिवूड वाचून वाटलं, काउंटरमागची माणसं तीच राहिली, फक्त व्हिसा बदलला.

लंडनच्या पार्क लेनवरच्या हिल्टनमधलं ट्रेडर व्हिक्स मात्र २०२२ च्या शेवटी बंद झालं, १९६३ पासून होतं. तळघरात जायचा जिना आठवतो.

सूरपेटी

संगीताबद्दल कुणीच नाही? 'एक्झॉटिका' नावाचा एक प्रकार आहे, मार्टिन डेनीचा. होनोलुलूच्या हवाईयन व्हिलेज हॉटेलात शेल बार होता, बाजूला तळं. डेनीचा चमू वाजवायला लागला की तळ्यातले बेडूक डराव डराव करायचे, वाजवणं थांबलं की गप्प. वादक गंमत म्हणून पक्ष्यांचे आवाज काढायला लागले, आणि दुसऱ्या दिवशी श्रोते 'बेडकांचं गाणं परत' मागायला हजर. १९५७ च्या ध्वनिमुद्रिकेत व्हायब्राफोन, बोंगो आणि माणसांनी काढलेली चिमण्या-कोकिळांची किलबिल आहे. १९५९ मध्ये ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. घरोघरी नवे स्टिरिओ आले होते. उजव्या कानात बेडूक, डाव्या कानात पोपट, शेजाऱ्याला ऐकवायला याहून चांगलं काय?

माझं प्रामाणिक मत: एका बैठकीत दोन गाणी छान, पाचव्याला पिंजऱ्यात बसल्यासारखं होतं.

उसाचा_रस

मग सगळं ओसरलं कसं? म्हणजे १९५९ मध्ये शिखर आणि १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलातलं ट्रेडर व्हिक्स बंद. नवे मालक डोनाल्ड ट्रम्प, त्यांना ते भडक वाटलं! (यावर काही बोलणार नाही.)

नारळीपोफळी

हा हा. ओसरायची कारणं मला अशी दिसतात. दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या पिढीचं ते स्वप्न होतं, पोरांना तो बापाचा बार वाटायला लागला. व्हिएतनाममध्ये ताडामाडांची जंगलं रोज रात्री टीव्हीवर जळत होती, त्यानंतर बांबूखाली बसून मजा वाटणं अवघडच. हवाईला स्वतः जाणं स्वस्त झालं. आणि जागा! अशा रेस्टॉरंटांना अवाढव्य जागा लागते, झोपड्या, धबधबे, पूल. मोक्याच्या जमिनीवर धबधबा ठेवणं परवडेना. बेव्हर्ली हिल्सचं लुआउ १९७९ मध्ये पाडलं.

सजावट बनवणारे टिकले ते जिद्दीवर. लॉस एंजेलिसजवळ व्हिटियरला 'ओशॅनिक आर्ट्स' होतं, लेरॉय श्माल्ट्झ आणि बॉब व्हॅन ऊस्टिंग या दोघांचं, १९५६ पासून. बार, मोटेलं, डिस्नी, सगळ्यांना मुखवटे आणि कोरलेले ओंडके तिथूनच जायचे. २०२१ मध्ये दोघांनी थकून दुकान बंद केलं.

परत आलं ते निराळ्या लोकांमुळे, जुन्या बाजारांत कवडीमोलानं मग गोळा करणाऱ्यांमुळे. स्वेन कर्स्टन नावाच्या जर्मन छायाचित्रकारानं २००० साली या सगळ्याचा इतिहास पुस्तकात आणला. मग सॅन फ्रान्सिस्कोला २००९ मध्ये मार्टिन केटचा 'स्मगलर्स कोव्ह' आला, रमच्या शेकडो बाटल्या. न्यू ऑर्लिन्सला जेफ बेरीनं २०१४ मध्ये स्वतःचंच 'लॅटिट्यूड २९' काढलं.

होनोलुलूत गेलात तर 'ला मारियाना' चुकवू नका, होड्यांच्या धक्क्यावर, औद्योगिक भागात लपलेलं. वायकीकीचे जुने बार एकेक बंद होत गेले तसं मालकीणबाईंनी त्यांचं सामान विकत घेऊन इथे आणलं. त्या सजावटीतला बराच भाग डॉन आणि व्हिकच्या मोडलेल्या जागांमधला आहे.

बाराखडी

म्हणजे हवाईत जाऊन अमेरिकन टिकीचं संग्रहालय बघायचं? :) पण हे मला आवडलं.

माजघर

एक व्यवहारी प्रश्न. डिसेंबरात आई-बाबा येतायत, दोघंही घेत नाहीत, बाबा पंचाहत्तरीचे, आई फक्त शाकाहारी. कॅलिफोर्नियात यांतलं काही दाखवता येईल?

नारळीपोफळी

येईल की. टिकी-टी विसरा. खायला काही नाही, एकवीसच्या आतल्यांना प्रवेश नाही, आणि बारा खुर्च्यांसाठी बाहेर रांग. सॅन फ्रान्सिस्कोला फेअरमाँट हॉटेलातली 'टोंगा रूम' दाखवा. हॉटेलाचा १९२९ चा तरणतलाव होता, १९४५ मध्ये स्टुडिओच्या सेट बनवणाऱ्या माणसाकडून त्याचं तळं केलं. मधेमधे विजा कडाडतात, तळ्यावर पाऊस पडतो, आणि वादक तराफ्यावरून तरंगत येतात. २००९ च्या सुमाराला तिथे फ्लॅट बांधायचं घाटत होतं, लोकांनी गदारोळ केला आणि टिकली. संध्याकाळी लवकर जा, जेवणात तांदूळ आणि भाज्यांचं काहीतरी मिळतंच, पण फिश सॉस नाही ना हे आधी विचारून घ्या.

आणि अनाहाइमच्या डिस्नीलँडला जाणारच असाल तर 'एंचँटेड टिकी रूम'. १९६३ चं. यांत्रिक पक्षी, फुलं आणि लाकडी देव एकत्र गातात. बसायला मिळतं, आत गार असतं, दारू नाही. बाहेरच अननसाचं डोल व्हिप मिळतं, त्यात दूधही नसतं. बाबांना मधुमेह असेल तर एक कप तिघांत.

माजघर

आहे. तिघांत एक. धन्यवाद!